उद्योग, रोजगार आणि परवाना : आयर्लंडमधील एका खात्याची कहाणी

परदेशी कामगाराला देशात काम करू द्यायचे की नाही, हे ठरविणारा मंत्री आणि देशात कारखाने, कंपन्या याव्यात म्हणून धडपडणारा मंत्री एकच असेल तर काय होते? आयर्लंडमध्ये गेली अनेक वर्षे हीच व्यवस्था आहे. नोकरीसाठी तेथे जाणाऱ्यांत भारतीयांचे प्रमाण सर्वाधिक असल्याने या खात्याचा कारभार समजून घेणे आपल्यासाठीही अगत्याचे आहे.

- प्रतिनिधी

लिओ वराडकर हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले ते जून २०१७ मध्ये. मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते सांगणाऱ्या डॉ. अशोक वराडकर यांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला, याचे कौतुक तेव्हा कोकणापासून मुंबईपर्यंत सर्वत्र झाले. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला येऊन गेले, तेव्हाही गावाने त्यांचे मोठ्या थाटात स्वागत केले. मात्र जून २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात त्यांच्याकडे असलेल्या दुसऱ्या पदाची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. या अडीच वर्षांत ते उपपंतप्रधान होते आणि त्यांच्याकडे उद्योग, व्यापार व रोजगार हे खाते होते. भारतातून आयर्लंडला जाणाऱ्या परिचारिका, संगणक अभियंते आणि आचारी यांच्या दृष्टीने पाहिले, तर पंतप्रधानपदापेक्षा हेच खाते अधिक जवळचे आहे. कारण त्यांना तेथे काम करण्याचा परवाना हेच खाते देते.

या परवान्यांची संख्या लहान नाही. २०२२ साली आयर्लंडने सुमारे ४० हजार, २०२३ साली सुमारे ३१ हजार आणि २०२४ साली सुमारे ३८ हजार रोजगार परवाने दिले. त्यांपैकी साधारण एकतृतीयांश परवाने भारतीय नागरिकांना मिळाले. ज्या देशाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे ५१ लाख ५० हजार, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे, त्या देशासाठी हे आकडे मोठे म्हणावे लागतील.

स्थलांतर करणारा देश

परदेशी कामगारांना बोलावणारा देश अशी आयर्लंडची ओळख अलीकडची आहे. त्यापूर्वीची दीडशे वर्षे हा देश आपली माणसे बाहेर पाठवत होता. १९५१ ते १९६१ या एका दशकात सुमारे चार लाख लोक देश सोडून गेले आणि १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाखांपर्यंत घसरली. उद्योग व वाणिज्य खात्याची सूत्रे १९३२ पासून दीर्घकाळ सांभाळणाऱ्या शॉन लेमास यांच्यापुढील मुख्य प्रश्न तरुणांना देशात थांबवायचे कसे, हा होता. पुढे १९५९ साली पंतप्रधान झाल्यावर त्यांनी संरक्षित अर्थव्यवस्थेचे धोरण सोडून परकीय भांडवलाला दारे उघडली. गुंतवणूक आणण्यासाठी १९४९ साली स्थापन झालेले औद्योगिक विकास प्राधिकरण (आयडीए) याच काळात खऱ्या अर्थाने सक्रिय झाले.

म्हणजेच या खात्याच्या मुळाशी स्थलांतराचा प्रश्न पहिल्यापासून होता. फक्त त्याची दिशा उलटी होती. १९८० च्या दशकात बेरोजगारीचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास पोहोचले, तेव्हाही तरुणांनी लंडन आणि बोस्टनची वाट धरली. १९९३ साली उद्योगाचे आणि कामगारांचे काम एकत्र आणून उद्योग व रोजगार खाते निर्माण करण्यात आले. १९९७ साली त्यात 'व्यापार' हा शब्द जोडला गेला. त्यानंतर या खात्याच्या नावात अनेकदा बदल झाले. कधी 'नावीन्यता' आली, कधी 'रोजगार' हा शब्द गळाला. २०२० साली वराडकर यांच्या काळात तो परत आला आणि २०२५ पासून हे खाते 'उद्योग, पर्यटन व रोजगार' या नावाने ओळखले जाते. त्याची सूत्रे एप्रिल २०२४ मध्ये पीटर बर्क यांच्याकडे आली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्थव्यवस्थेने उसळी घेतली आणि चित्र पालटले. माणसे कमी पडू लागली. १९९९ साली जेमतेम सहा हजार असलेली कामाच्या परवान्यांची संख्या २००३ साली ४७ हजारांवर गेली. जी नोकरी आयरिश तरुणासाठी निर्माण करायची, त्याच नोकरीसाठी परदेशातून माणूस आणायचा, अशी दुहेरी जबाबदारी मंत्र्यावर आली.

मंत्र्याकडे काय आहे, काय नाही

या मंत्र्याच्या कामाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग उद्योगाचा. परकीय कंपन्या आणणारी आयडीए, देशी उद्योगांना निर्यातक्षम बनविणारी 'एंटरप्राइज आयर्लंड' आणि छोट्या व्यावसायिकांना मदत करणारी ३१ स्थानिक उद्योग कार्यालये या खात्याच्या छत्राखाली काम करतात. दुसरा भाग कामगार कायद्यांचा. किमान वेतन, कामाचे तास, आजारपणाची रजा, औद्योगिक तंटे हे विषय येथे येतात. १९४६ साली स्थापन झालेले कामगार न्यायालय आणि २०१५ पासून कार्यरत असलेले 'वर्कप्लेस रिलेशन्स कमिशन' यांचे काम स्वतंत्र असले, तरी त्या याच खात्याशी संलग्न आहेत. तिसरा भाग परवान्यांचा. युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड यांच्या बाहेरील नागरिकांना कोणत्या कामासाठी, किती वेतनावर आणि कोणत्या अटींवर परवाना द्यायचा, हे खाते ठरविते.

जे या मंत्र्याकडे नाही तेही तितकेच महत्त्वाचे आहे. नोकरी शोधणाऱ्यांना मदत करणारी सरकारी केंद्रे आणि बेकारभत्ता सामाजिक संरक्षण खात्याकडे आहेत. खात्याच्या नावात 'रोजगार' असले, तरी सेवायोजन कार्यालये त्याची नाहीत! कंपन्यांना आकर्षित करणारा कमी कंपनीकर हा अर्थमंत्र्यांचा विषय. व्हिसा, विमानतळावरील प्रवेश, निवासाची नोंद आणि कुटुंबाला बोलावण्याची परवानगी हे सारे न्याय खात्याच्या अखत्यारीत येते. त्यामुळे रोजगार परवाना हातात पडला म्हणजे आयर्लंडचे दार उघडले, असे नाही. भारतीय नागरिकाला त्यानंतर स्वतंत्रपणे दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो आणि तेथे पोहोचल्यावर निवासाची नोंदणीही करावी लागते. ही दोन्ही कामे एकाच अर्जात व्हावीत, असा विचार तेथे गेली काही वर्षे सुरू आहे.

दोन याद्यांचे राज्य

परवान्याचा सारा कारभार दोन याद्यांभोवती फिरतो. पहिली यादी अत्यावश्यक कौशल्यांची. संगणक अभियंते, डॉक्टर, परिचारिका, विविध शाखांचे अभियंते अशांचा तीत समावेश होतो. दुसरी यादी अपात्र कामांची. जी कामे करायला देशात किंवा युरोपात पुरेशी माणसे आहेत असे सरकारला वाटते, ती या यादीत जातात आणि त्यांच्यासाठी परवाना मिळत नाही. दोन्ही याद्यांत नसलेल्या कामांसाठी सर्वसाधारण परवाना असतो. याखेरीज मांस प्रक्रिया कारखान्यांतील कामगार, दुग्धव्यवसायातील मदतनीस अशा काही कामांसाठी वेळोवेळी ठरावीक संख्येचा कोटा दिला जातो.

याद्यांत नाव कोठे आहे, यावर माणसाचे आयुष्य किती बदलते हे पाहण्यासारखे आहे. अत्यावश्यक कौशल्याच्या परवान्यावर गेलेल्याला लगेच कुटुंबाला नेण्यासाठी अर्ज करता येतो आणि सुमारे दोन वर्षांनंतर परवान्याविना काम करण्याची मुभा मिळविता येते. सर्वसाधारण परवान्यावर गेलेल्याला त्यासाठी सुमारे पाच वर्षे थांबावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण परवान्यासाठी किमान वार्षिक वेतन ३४ हजार युरो, तर यादीतील पदवीधरांच्या अत्यावश्यक कौशल्य परवान्यासाठी ३८ हजार युरो ठरविण्यात आले. वृद्धांची सेवा करणाऱ्या आरोग्य सहायकांचे काम दीर्घकाळ अपात्र यादीत होते. कोरोनाच्या काळात शुश्रूषागृहांना माणसे मिळेनाशी झाली आणि जून २०२१ मध्ये ते यादीतून बाहेर काढण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये घरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्यांसाठी एक हजार परवान्यांचा कोटा जाहीर झाला.

परदेशी उमेदवार घेण्यापूर्वी मालकाला बहुतेक कामांसाठी स्थानिक बाजारपेठेत शोध घ्यावा लागतो. सरकारी संकेतस्थळावर २८ दिवस जाहिरात द्यावी लागते. शिवाय कंपनीतील किमान निम्मे कर्मचारी युरोपीय आर्थिक क्षेत्रातील असावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. नव्या कंपन्यांना त्यातून काही सवलत मिळते. उद्योगाला माणसे हवीत, पण स्थानिकांच्या नोकऱ्या जाऊ नयेत आणि वेतनाची पातळी खाली येऊ नये, अशी ही तिहेरी कसरत आहे.

परवाना नेमका कोणाचा?

या व्यवस्थेचा खरा कस लागतो तो मालक आणि कामगार यांच्या संबंधांत. २००३ च्या कायद्याच्या काळात परवाना मालकाच्या नावे निघत असे. कामगाराने तोंड उघडले तर परवान्याचे नूतनीकरण होणार नाही, ही भीती पुरेशी होती. फेब्रुवारी २००५ मध्ये खासदार जो हिगिन्स यांनी आयरिश संसदेत एक प्रकरण उपस्थित केले. सरकारी कामांची कंत्राटे घेणाऱ्या एका तुर्की बांधकाम कंपनीच्या कामगारांना देशातील ठरलेल्या दरापेक्षा फार कमी पैसे हातात मिळत होते. त्यांच्या वेतनाचा काही भाग नेदरलँड्समधील बँक खात्यांत जमा होत असल्याचे उघड झाले आणि अनेक कामगारांना त्या खात्यांची कल्पनाही नव्हती. ज्या खात्याने परवाने दिले, त्याच खात्याच्या निरीक्षकांना आता चौकशी करावी लागली.

२००६ च्या कायद्याने दोन मूलभूत बदल केले. परवाना कामगाराच्या नावे देण्यास सुरुवात झाली आणि त्यावर त्याचे हक्कही नमूद होऊ लागले. भरतीचा खर्च कामगाराच्या वेतनातून कापणे आणि त्याचे पारपत्र किंवा अन्य कागदपत्रे मालकाने ठेवून घेणे, हे दोन्ही गुन्हे ठरले. २००७ पासून रोजगार हक्कांची स्वतंत्र तपासयंत्रणाही उभी राहिली. पुढे २०१५ साली ती 'वर्कप्लेस रिलेशन्स कमिशन'मध्ये विलीन झाली.

तरीही एक मोठी फट राहिली होती. ती २०१२ साली एका पाकिस्तानी आचाऱ्याच्या खटल्यात उघडी पडली. पहिल्या वर्षानंतर मालकाने परवान्याचे नूतनीकरण केले नाही आणि हा आचारी अनेक वर्षे अत्यल्प पैशांत राबत राहिला. त्याला नव्वद हजार युरोंहून अधिक थकबाकी व भरपाई देण्याचा आदेश कामगार यंत्रणेने दिला. मात्र उच्च न्यायालयाने तो रद्द केला. परवाना नसल्याने नोकरीचा करारच बेकायदा आणि बेकायदा कराराच्या आधारे वेतन मागता येत नाही, असा कायद्याचा अर्थ निघत होता. म्हणजे परवान्याचा नियम मोडण्याचा लाभ मालकालाच मिळत होता. या निकालाचे गांभीर्य ओळखून न्यायमूर्ती जेरार्ड होगन यांनी निकालपत्राच्या प्रती संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना पाठविण्याचे निर्देश दिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. परवाना मिळावा म्हणून शक्य ते सर्व प्रयत्न केलेल्या कामगाराला, परवाना नसतानाही, केलेल्या कामाचा मोबदला न्यायालयात मागण्याचा हक्क मिळाला. पुढे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आचाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला.

मासेमारी नौकांवरील परदेशी खलाशांचे उदाहरणही बोलके आहे. फिलिपाइन्स, इजिप्त आदी देशांतील या खलाशांसाठी २०१६ साली वेगळी योजना आखण्यात आली, पण ती रोजगार खात्याच्या परवान्याबाहेर, न्याय खात्यामार्फत राबविली गेली. कामाचे तास, वेतन आणि मालकावरील अवलंबित्व यांविषयी वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सतत तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१९ साली तडजोड झाली. अखेर २०२२ च्या फेरआढाव्यात ही योजना बंद करून खलाशांना नेहमीच्या रोजगार परवान्याच्या कक्षेत आणण्याची शिफारस झाली आणि २०२३ च्या आरंभापासून योजनेत नवे अर्ज घेणे थांबले.

२ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने जुने सारे कायदे एकत्र केले. त्याची तयारी वराडकर यांच्या कार्यकाळात सुरू झाली होती. या कायद्यानुसार पहिल्या परवान्यावर नऊ महिने काम केल्यानंतर त्याच प्रकारच्या कामासाठी मालक बदलण्याची मुभा कामगाराला मिळाली. पूर्वी एक वर्षानंतर नव्याने परवाना घ्यावा लागे. हंगामी कामासाठीही स्वतंत्र परवान्याची तरतूद झाली. मात्र हंगामी कामगार शेतावर, मालकाने दिलेल्या जागेत राहत असल्याने त्याच्या अडवणुकीची शक्यता अधिक, हा आक्षेप तेथील कामगार संघटनांनी नोंदविला आहे.

एका टेबलाचे गुणदोष

वीस वर्षांच्या या प्रवासाकडे पाहिले, तर तिन्ही जबाबदाऱ्या एकाच खात्याकडे असण्याचा लाभ स्पष्ट दिसतो. परवाना देताना मालकाने कबूल केलेले वेतन, त्याने प्रत्यक्षात दिलेले वेतन आणि त्या क्षेत्रातील मनुष्यबळाची स्थिती ही माहिती एकाच छत्राखाली असते. काही चुकले तर जबाबदारी कोणाची, याबद्दल संसदेला संशय राहत नाही. खलाशांच्या बाबतीत ही साखळी तुटली होती आणि त्याचे परिणाम दिसले.

पण यातच एक अंतर्विरोधही दडला आहे. कंपन्यांना 'या, येथे गुंतवणूक करा' असे सांगणारा आणि त्याच कंपन्यांच्या हजेरीपटाची तपासणी करविणारा मंत्री एकच असतो. माणसे तातडीने हवीत म्हणून मालकांच्या संघटना त्याच्याकडे येतात आणि वेतनाची किमान मर्यादा वाढवा म्हणून कामगार संघटनाही त्याच्याचकडे येतात. आयर्लंडमध्ये प्रत्येक सुधारणा मंत्र्यांच्या दूरदृष्टीपेक्षा एखाद्या उघडकीला आलेल्या प्रकरणानंतर झाली, हे विसरता येणार नाही. संसदेतील प्रश्न, न्यायालयाचा निकाल, कामगार संघटनांचा पाठपुरावा या बाहेरच्या दबावांमुळेच खात्यातील तराजू समतोल राहिला आहे.

शिवाय कामाच्या जागेबाहेरचे प्रश्न या खात्याच्या आवाक्यात येत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिन परिसरात भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय दूतावासाला आपल्या नागरिकांना सावधगिरीची सूचना द्यावी लागली. घरांची तीव्र टंचाई आणि स्थलांतरितांविरोधी सूर यांचे सावट परवाना घेऊन आलेल्यांवरही पडते. परवाना नोकरीची हमी देतो. शेजाराची हमी कोणतेच खाते देऊ शकत नाही.

आपल्याकडे काय?

भारतात हीच कामे अनेक मंत्रालयांत विभागलेली आहेत. १९८३ चा उत्प्रवासन कायदा आरंभी केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे होता. २००४ साली अनिवासी भारतीयांसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले तेव्हा तो त्याच्याकडे गेला आणि २०१६ साली ते मंत्रालय परराष्ट्र मंत्रालयात विलीन झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाकडे आला. कौशल्य विकासाचे मंत्रालय वेगळे, श्रम व रोजगाराचे वेगळे, लघुउद्योगांचे वेगळे. महाराष्ट्रातही उद्योग, कामगार आणि कौशल्य-रोजगार असे तीन विभाग आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार महाराष्ट्राने केला, तेव्हा त्यात शालेय शिक्षण विभागाचा पुढाकार होता. देश मोठा असल्याने अशी विभागणी काही प्रमाणात अटळ आहे. मात्र परदेशी गेलेल्या कामगाराचे वेतन थकले, तर त्याच्या घरच्यांनी नेमके कोणते दार ठोठवायचे, याचे उत्तर सोपे असले पाहिजे.

आयर्लंडला जाऊ इच्छिणाऱ्यांनी तेथील कायद्याने दिलेल्या काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन वर्षांपर्यंतच्या परवान्याचे शुल्क एक हजार युरो असून ते मालक किंवा उमेदवार भरू शकतो; मात्र मालकाने भरलेले शुल्क वेतनातून वसूल करता येत नाही. परवाना नाकारला गेल्यास ९० टक्के रक्कम परत मिळते. पारपत्र कोणाकडेही ठेवायला देऊ नये. परवान्याची मुदत कधी संपते, याची नोंद स्वतः ठेवावी. मालक नूतनीकरण करील, या भरवशावर राहू नये. आपल्याकडे नोंदणीकृत भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यापेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. आयर्लंडची नोकरी मिळवून देतो म्हणून कोणी काही लाख रुपये मागत असेल, तर तेथेच थांबलेले बरे.

एकेकाळी आयरिश माणसेही अशाच आशेने आणि अशाच भीतीने बोटीवर चढत होती. त्या आठवणी तेथील समाजात अजून पुसलेल्या नाहीत. म्हणूनच परवान्याच्या कागदावर मालकाच्या जागी कामगाराचे नाव येणे ही तेथील कायद्याच्या दृष्टीने छोटी दुरुस्ती असली, तरी वराडहून असो वा वाराणसीहून, परक्या देशात एकट्याने उतरणाऱ्या माणसासाठी तो सर्वांत मोठा आधार आहे.